आधी आवाज, मग धक्का

पाटण तालुक्यात कोयनेकाठच्या जुन्या माणसांकडे भूकंपाचा विषय काढला, तर ती हलण्याची गोष्ट नंतर सांगतात. आधी आवाज सांगतात. डोंगराच्या पोटातून गुरगुर आली, मग कौलं खडखडली, मग मांडणीवरची भांडी वाजली, आणि मग भुई. हा क्रम ठरलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गोष्ट रंगवून सांगण्यासाठी तो लावलेला आहे. तसं नाही. भूकंपाच्या केंद्रापासून निघणाऱ्या पहिल्या लाटा खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने धावतात. भिंती आडव्या हलवणाऱ्या दुसऱ्या लाटा त्यांच्यामागून, साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाने येतात. पहिल्या लाटा जमिनीवर पोचल्या की त्यांच्यातला काही भाग हवेत शिरतो, आणि केंद्राजवळच्या माणसाच्या कानावर तो गडगडाट म्हणून पडतो. म्हाताऱ्यांनी सांगितलेला क्रम शास्त्राच्या पुस्तकातलाच आहे.

हा आवाज कोयना खोऱ्यात १९६७ च्या मोठ्या भूकंपाआधीच ऐकू येत होता. १०३ मीटर उंच आणि ८०८ मीटर लांब अशा कोयना धरणात १९६१-६२ पासून पाणी अडू लागलं आणि शिवसागर जलाशय भरू लागला. त्यानंतर थोड्याच काळात कोयनानगर आणि हेळवाकच्या आसपास राहणाऱ्यांना रात्री-अपरात्री जमिनीखालून गुरगुर ऐकू येऊ लागली. सुरुंगांची सवय झालेली ती वस्ती होती. पोफळीचं भूमिगत वीजगृह आणि बोगदे खोदताना कातळ फोडलेला सगळ्यांनी ऐकला होता. पण हे आवाज सुरुंगाच्या वेळा पाळत नव्हते. तक्रारी वाढल्या, तेव्हा खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ च्या सुमाराला धरणाभोवती भूकंपमापक बसवले. तेव्हा कळलं, की धक्के खरे आहेत, जलाशयाच्या आसपासच उगम पावताहेत आणि त्यांची केंद्रं फार खोल नाहीत.

म्हणजे यंत्रं आली ती लोकांनी ऐकलं म्हणून. पुढच्या साठ वर्षांत महाराष्ट्रात हे पुनःपुन्हा घडलं आहे. आधी माणसांना कळलं, नंतर यंत्रांना, आणि सगळ्यांत शेवटी सरकारी नकाशाला.

दख्खनचं पठार हे भारतातल्या सर्वांत स्थिर भूभागांपैकी एक, असं त्या काळी शाळेत शिकवत. काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याखाली त्याहून कितीतरी जुना पाया. भूकंप हिमालयात, आसामात, कच्छात व्हायचे. पश्चिम महाराष्ट्र देशाच्या भूकंपनकाशावर अगदी कमी धोक्याच्या रंगात होता. त्यामुळे कोयनेच्या बारीकसारीक धक्क्यांकडे 'धरणाच्या पाण्याने जमीन जरा बसते आहे' अशा समजुतीने पाहिलं गेलं. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वर तीव्रतेचा धक्का बसला. त्याने ही समजूत हलायला हवी होती. फारशी हलली नाही.

सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. मार्गशीर्षातली थंडी, सगळं खोरं दारं लावून झोपलेलं. भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. काही नोंदींत ही तीव्रता ६.५ दिली आहे. जोराचं हलणं काही सेकंदांतच आटोपलं, पण तेवढ्यात कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्यालायक उरली नाहीत. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली आणि हजारांवर जखमी झाली. सगळ्यांत जास्त पडली ती दगडी भिंतींची घरं. जिथे लाकडी सांगाडा होता तिथे भिंत ढासळली तरी छप्पर बऱ्याचदा खांबांवर टिकून राहिलं. ज्या वस्तीने धरण उभं केलं, तीच वस्ती आपल्या घरांच्या दगडांखाली सापडली.

त्याच पहाटे दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईत लोक खडबडून जागे झाले. खाटा हलल्या, खिडक्यांची तावदानं थरथरली, चाळींच्या जिन्यांवर गर्दी झाली. पुण्यात, गोव्यात आणि पार बंगळूरपर्यंत धक्का जाणवला. पण मुंबईचा अनुभव कोयनेपेक्षा वेगळा होता. तिथे गुरगुर नव्हती. इतक्या अंतरावर पहिल्या आणि दुसऱ्या लाटांमध्ये जवळपास अर्ध्या मिनिटाचं अंतर पडतं. आधी एक हलकीशी थरथर, तीही बहुतेकांच्या झोपेत निघून गेलेली, आणि मग संथ झोका. वरच्या मजल्यावर तो जास्त आणि तळमजल्यावर कमी. मुंबईला भूकंपाची आणखी एक खूण मिळाली, ती म्हणजे अंधार. पोफळीचं वीजगृह बंद पडलं आणि त्या विजेवर चालणारे मुंबई-पुण्याचे कारखाने थांबले. भूकंप कुठे झाला हे कळण्याआधीच दिवे गेले होते.

धरणाचं काय झालं, हा त्या सकाळचा पहिला प्रश्न होता. पानशेत फुटून जेमतेम सहा वर्षं झाली होती. १२ जुलै १९६१ ला पुण्यात शिरलेलं पाणी कोणी विसरलं नव्हतं, आणि कोयनेच्या खाली कराड, सांगली अशी भरली गावं होती. धरण उभं राहिलं, पण अगदी निखळ नाही. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांत, जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या पातळीवर, आडव्या भेगा पडल्या. त्यांतून काही ठिकाणी पाणी झिरपलं. पुढे भिंतीच्या वरून खाली पोलादी तारा ओवून ती ताणून बांधली गेली, आणि मागच्या बाजूने काँक्रीटचे जाड आधार चढवले गेले. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर या शतकात, २००६ च्या आसपास पुरं झालं. आज धरणाकडे खालच्या बाजूने पाहिलं तर दिसणारा तो धिप्पाड आधार मूळ आराखड्यात नव्हता. तो भूकंपाने लावायला भाग पाडलेला आहे.

धरणाच्या पोटातल्या एका दालनात तेव्हा त्वरणमापक यंत्र चालू होतं. त्याने त्या पहाटेचे सेकंद कागदावर उतरवले. जमिनीचं आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट भरलं. ही नोंद जगभरच्या धरण अभियंत्यांच्या हाती गेली, आणि काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागेल हे तपासायचं असेल तर आजही प्रथम कोयनेची नोंद घातली जाते. कोयनानगरातल्या माणसांनी अंथरुणात अनुभवलेले ते काही सेकंद जगभरच्या प्रयोगशाळांतून अजून वारंवार चालवले जातात. भूकंप अनुभवलेल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला अशी प्रसिद्धी येते, आणि तिचा त्यांना काहीएक उपयोग नसतो.

मोठा धक्का येऊन गेला, पण गुरगुर गेली नाही. हे कोयनेचं वैशिष्ट्य. १९६७ नंतर आजवर पाचच्या वरचे वीसहून अधिक धक्के या परिसराने झेलले, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, आणि बारीक धक्क्यांची गणती हजारांत आहे. १९७३, १९८०, १९९४, २०००, २००५ अशा वर्षांत मोठे हादरे येऊन गेले. १९८५ च्या सुमाराला दक्षिणेला वारणेचं पाणी अडू लागलं आणि पुढे धक्क्यांची केंद्रंही तिकडे सरकू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता यांनी या परिसराचा पिच्छा दशकानुदशकं पुरवला. पावसाळ्यात जलाशय भरतो, पाणी भेगांतून खोल झिरपतं आणि खडकांच्या सांध्यांमधला दाब वाढतो. ज्या सांध्यांवर आधीच ताण आहे, ते मग सरकतात. पाणी भूकंपाची सगळी ताकद पुरवत नाही, ती खडकात साठलेलीच असते. पाणी फक्त तिला वाट देतं. जलाशयामुळे सुरू झालेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप जगातला सर्वांत मोठा मानला जातो. त्याचा मुळापासून शोध घेण्यासाठी कराडला वेगळी संशोधन प्रयोगशाळा निघाली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. सव्वा किलोमीटरपर्यंत काळा कातळ लागला, त्याखाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक.

इतक्या धक्क्यांची सवय झालेल्या लोकांची भाषाही बदलते. कोयना, पाटण, कराड भागात माणसं धक्क्याचा आकडा यंत्राआधी सांगतात. 'तीनच्या वर असणार', 'हा वारणेकडचा', असे अंदाज चहाच्या टपरीवर बांधले जातात. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात. त्या ओळींचा साचा पन्नास वर्षांत फारसा बदललेला नाही. कोयना परिसराला सौम्य धक्का, इतके रिश्टर स्केल, केंद्रबिंदू हेळवाकच्या नैऋत्येला इतक्या किलोमीटरवर, आणि शेवटचे दोन शब्द हमखास : धरण सुरक्षित. घरं सुरक्षित आहेत की नाहीत, याबद्दल त्या चार ओळींत क्वचितच काही असतं.

भूकंप कसा जाणवला हे टिपून ठेवण्याची परंपरा यंत्रांपेक्षा जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूकंपलक्षणांना एक अख्खा अध्याय दिला. कोणी म्हणतात समुद्रात राहणाऱ्या प्रचंड जीवांमुळे भूमी हलते, कोणी म्हणतात भाराने दमलेले दिग्गज विसावा घेतात तेव्हा हलते, कोणी वाऱ्यावर वारा आदळल्याचं कारण सांगतात, अशी मतांतरं त्याने नोंदवली आहेत. पुढे तो दिवसाचा प्रहर आणि नक्षत्र पाहून धक्क्यांची वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण अशा चार गटांत वाटणी करतो आणि प्रत्येकाची फळं सांगतो. ही फळं आज कोणाच्या कामाची नाहीत. पण भूकंप किती वाजता झाला आणि त्याआधी आकाश कसं होतं हे नीट पाहून ठेवा, ही त्याची मागणी निरीक्षकाची आहे. घराघरांतली शेषनागाने मान हलवल्याची गोष्ट मात्र असं काही मागत नाही.

इंग्रजी अमदानीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी जुनी पत्रं, बातम्या आणि दप्तरं चाळून देशातल्या भूकंपांची यादी केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली छापून निघाली. यंत्रं नसलेल्या काळात ही यादी सगळी माणसांच्या सांगण्यावरच उभी होती. कुठल्या छावणीत घंटा आपोआप वाजली, कुठे भिंतीला चीर गेली, असला मजकूर. १८९८-९९ च्या सुमाराला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूकंपमापक बसला. नानाभाई फ्रामजी मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. तरी त्यानंतरही भूकंपाचा जोर ठरवायला माणसं लागतच होती, कारण एकटं यंत्र एका जागची गोष्ट सांगतं. इटलीच्या मर्केलींनी १९०२ मध्ये मांडलेली श्रेणी याच गरजेतून आली होती. झोपलेले जागे झाले का, टांगलेले दिवे हलले का, भांडी पडली का, भिंतीचा गिलावा सुटला का, धुराडी कोसळली का, या प्रश्नांच्या उत्तरांवर गावाला अंक मिळतो. कोयनेनंतर सर्वेक्षणाची माणसं गावोगाव हेच विचारत फिरली. अंक पडले, नकाशे निघाले आणि १९७० मध्ये देशाचा भूकंपनकाशा बदलला. कोयना परिसर एकदम धोक्याच्या चौथ्या पट्ट्यात जाऊन बसला.

पण त्या नव्या नकाशावर लातूर आणि उस्मानाबाद सर्वांत सुरक्षित, पहिल्या पट्ट्यात राहिले. तिथे काही घडलेलंच नव्हतं, मग रंग बदलणार कशाने?

तिथे घडायला लागलं ऑगस्ट १९९२ मध्ये. औसा तालुक्यातल्या किल्लारीत रात्री जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागला, भांडी हलू लागली. १८ ऑक्टोबरला या धक्क्यांतला सर्वांत मोठा, चारच्या वर तीव्रतेचा हादरा बसला. काही घरांना तडे गेले. लोक रात्री अंगणात, शेतात झोपायला लागले. गाव हलवा, अशीही मागणी झाली. त्या भागात भूकंपमापकांचं जाळं नव्हतं. भरवशाची वेधशाळा म्हणजे हैदराबाद किंवा पुणे. पुढच्या वर्षी मार्चनंतर धक्के थांबले. उन्हाळा गेला, पाऊस आला, लोक हळूहळू पुन्हा घरात झोपू लागले. यात त्यांची चूक कोणीही काढू नये. भिजत बाहेर किती दिवस झोपणार, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव विसर्जनाच्या मिरवणुका उशिरा आटोपल्या. दमलेली माणसं घरी येऊन गाढ झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र अतिशय उथळ होतं, अवघ्या काही किलोमीटर खोलीवर. इतक्या जवळून येणाऱ्या लाटांमध्ये पहिली आणि दुसरी असं अंतर जवळपास राहतच नाही. आवाज आणि धक्का एकमेकांना चिकटून येतात. कोयनेच्या माणसांना गुरगुर ऐकून एखादा उंबरा ओलांडायला जेवढा वेळ मिळतो, तेवढाही किल्लारीला मिळाला नाही.

मुंबईत त्या वेळी मुख्यमंत्री शरद पवार जागे होते. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झालेलं वर्ष, त्यामुळे विसर्जन शांततेत पार पडेपर्यंत त्यांना झोप नव्हती. खिडकीची तावदानं वाजली तेव्हा त्यांच्या मनात प्रथम कोयना आली आणि त्यांनी कोयनेला फोन लावला. तिथून कळलं, भूकंप इथला नाही, लातूरकडचा आहे, किल्लारीचा. पवारांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. महाराष्ट्रात पंचवीस वर्षं भूकंप म्हणजे कोयना असं समीकरण होतं, त्याचा हा सर्वांत बोलका दाखला. आणि धक्क्याचा पत्ता किल्लारीजवळच्या नाही, कोयनेच्या यंत्रांकडून कळला, हेही त्यातून दिसतं.

किल्लारी, सास्तूर, तळणी, होळी, मंगरूळ, राजेगाव, रेबे चिंचोली, पेठसांगवी. सकाळपर्यंत ही नावं सगळ्या देशाला पाठ झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ गेला, तो दहा हजार असल्याचंही अनेक ठिकाणी लिहिलं जातं. ६.२ चा भूकंप जगात दरवर्षी अनेकदा होतो आणि बऱ्याचदा त्याची बातमीही होत नाही. इथे इतकी माणसं गेली याचं कारण जमिनीत जेवढं होतं, त्याहून जास्त घरांत होतं.

किल्लारीकडचं, तेरणा नदीकाठचं जुनं घर म्हणजे दोन-तीन फूट, काही वाड्यांत त्याहूनही रुंद दगडी भिंत. दर्शनी दगड आत आणि बाहेर नीट रचलेले, मध्ये गोटे आणि चिखल भरलेला. दोन्ही थरांना एकमेकांत अडकवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच. वर माळवद. सागवानी किंवा बाभळीचे खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला मातीचा नवा थर. वर्षानुवर्षं हा थर चढत गेला आणि काही छपरांवर त्याची जाडी दोन फुटांवर गेली. उन्हाळ्यात ही घरं गार राहतात, थंडीत उबदार. चोरा-दरोडेखोरांपासूनही बरी. मराठवाड्याच्या उन्हात पिढ्यान् पिढ्या जगायला माणसाने यापेक्षा शहाणं घर बांधलं नसतं. भूकंपात मात्र भिंतीचे दोन्ही थर फुगले, वेगळे झाले आणि ढासळले. मागून मातीचं छप्पर खाली आलं. अनेकांचा जीव दगडाने गेला नाही, नाकातोंडात गेलेल्या धुळीने आणि मातीने गेला. कुठेकुठे लाकडी सांगाडा नुसता उभा राहिला, सभोवतीची भिंत गेलेली.

गावाच्या कडेला कुडाच्या, पाचटाच्या झोपड्यांत राहणारी भूमिहीन माणसं मोठ्या संख्येने वाचली. वाड्यातली गेली. जन्मभर ज्यांना दगडी घराची आस होती, त्यांनी सकाळी वाड्यांचे ढिगारे उपसले. या भूकंपावर बोलताना मराठवाड्यातली माणसं हे आवर्जून सांगतात, आणि ते सांगण्यासारखंच आहे. श्रीमंतीचं माप तिथे भिंतीच्या जाडीत होतं.

त्या दिवसांत पाऊसही थांबेना. ढिगारे चिखलाचे झाले, आणि लष्कराच्या जवानांना चिखलातूनच माणसं काढावी लागली. देशभरातून ट्रक आले, इतके की रस्ते अडले. अनाथ झालेल्या आणि शाळा गमावलेल्या सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी पुण्यात आणून शिकवलं. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला मुक्काम केला आणि तिथे शाळा उभी राहिली.

जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी गेली. जमिनीनुसार घर ठरलं : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, मधल्यांना साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. रस्ते सरळ, रुंद. गाव पूर्वीच्या कितीतरी पट जागेवर पसरलं. गल्लीतल्या गल्लीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्या बायकांना आता पाण्याला, दळणाला, शेजारणीकडे बरंच चालावं लागलं. जी गावं हलवली नाहीत, तिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचं काम चाललं. माळवदाची माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, वर काँक्रीटचा पट्टा फिरवा, असं गवंड्यांना शिकवलं गेलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांना यात ओढलं. बायका सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब आणि भिंतीच्या मापांची तपासणी करू लागल्या. अधिकाऱ्यांनी केलेल्या पाहणीपेक्षा ही पाहणी कडक असे, कारण त्या भिंतीखाली त्यांनाच झोपायचं होतं.

तरीही काँक्रीटच्या नव्या घरात झोपायला पुष्कळांची तयारी नव्हती. मिळालेल्या घरात धान्य, पेटी, पाहुणे. माणसं मात्र पत्र्याच्या शेडमध्ये. मे महिन्यात पत्रा तापून निघतो, तरी त्याखाली. बाहेरून आलेल्यांना हा अडाणीपणा वाटला. डोक्यावर काय पडू शकतं, याचा हिशेब ज्याने एकदा आपल्या हाताने उपसून पाहिला आहे, त्याच्याशी मजबुतीच्या आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आज त्याच गावांत दुसरी पिढी मूळ घराला हवी तशी खोली जोडते, वर मजला चढवते, कित्येकदा कोणत्याही अभियंत्याला न विचारता. आठवण पत्र्याखाली झोपणाऱ्यांबरोबर म्हातारी होत चालली आहे.

सरकारी कागदांत ती वेगळ्या रूपात टिकून आहे. नोकरभरतीच्या जाहिरातीत आरक्षणाच्या तक्त्यात 'भूकंपग्रस्त' असा रकाना असतो, दोन टक्क्यांचा. त्यासाठी लागणारा दाखला काढायला सरकारी कार्यालयात रांगेत उभे राहणारे अनेक जण भूकंपानंतर जन्मलेले असतात.

किल्लारीनंतर शास्त्रज्ञांनी तिथेही विवर खोदलं. काळा कातळ अवघ्या साडेतीनशे मीटरच्या आत संपला. भूकंपनकाशा बदलायला या वेळी नऊ वर्षं लागली. २००२ च्या नकाशात पहिला पट्टा रद्दच झाला, म्हणजे 'अगदी सुरक्षित' असा रंग देशात उरला नाही, आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. आठ हजार माणसं गेल्यावर नकाशाने मान्य केलेली गोष्ट किल्लारीच्या लोकांनी १९९२ च्या ऑक्टोबरात अंगणात अंथरूण टाकून सांगितलेली होती.

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला कच्छ हादरलं, तेव्हा मुंबईत उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर झुंबरं आणि पंखे झुलले, तळमजल्यावर काहींना काहीच कळलं नाही. लांबवर पोचणाऱ्या संथ लाटा उंच इमारतींनाच जास्त हलवतात. त्यामुळे शहरातली माणसं भूकंपाला चक्कर समजतात. रक्तदाब तपासून घेतात. कोयनेचा माणूस असली चूक करणार नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, पुन्हा तीच गोष्ट सुरू झाली. जमिनीतून स्फोटासारखे आवाज, दिवसाकाठी कित्येक लहान धक्के, मग फेब्रुवारी २०१९ मध्ये चारच्या वर. आदिवासी पाड्यांवरची माणसं थंडीत तंबूत झोपली, शाळा उघड्यावर भरल्या. फरक एवढा, की या वेळी यंत्रं काही आठवड्यांत पोचली. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात तर जमिनीतून येणारे आवाज कित्येक वर्षं ऐकू येतात, आणि गावाबाहेर त्यांची दखल बराच काळ एखाद्या बातमीपलीकडे गेली नव्हती. मार्च २०२४ आणि जुलै २०२४ मध्ये त्याच हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. नांदेड, परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले.

दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर धक्का जाणवलेल्या कोणालाही भरता येईल असा अर्ज आहे. प्रश्न साधारण मर्केलींच्या काळातलेच आहेत. तुम्ही घरात होता की बाहेर, कितव्या मजल्यावर, झोपलेले की जागे, काय हललं, काय पडलं. वाचकांपैकी कोणाला पुढचा धक्का जाणवला, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, आवाज आधी आला की नंतर तेही लिहावं, आणि तो अर्ज भरावा. गावात आवाज वारंवार येत असतील तर तहसीलदाराकडे तोंडी सांगून थांबू नये. तारीख-वेळेसह लेखी द्यावं आणि पोच घ्यावी.